सेकंद-लंबकाची लांबी आणि कायेनचे वेध

साध्या लंबकाचे आंदोलन कोणकोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, या प्रश्नाचे उत्तर आज माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही देऊ शकतो. आवर्तनकाल हा लांबीच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात आणि गुरुत्वीय प्रवेगाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. गोळ्याच्या वस्तुमानाशी त्याचा संबंध नसतो. आणि झोके लहान असतील तर त्यांच्या विस्ताराशीही नसतो. प्रयोगशाळेतील वहीत हे सूत्र आरंभीच लिहिलेले असते व त्यावरून गुरुत्वीय प्रवेगाचे मूल्य काढावयाचे असते. सूत्र आधी आणि वेध मागाहून, असा हा क्रम आहे. इतिहासात तो असा नव्हता. ज्यांनी या प्रश्नाचा छडा लावला त्यांस घड्याळ मागे पडल्याचे तेवढे दिसे, आणि त्याची चार-पाच कारणे एकाच वेळी संभवत. उष्णतेने दांडी लांबली असेल, झोका रुंदावला असेल, हवेचा काही परिणाम असेल, अथवा खुद्द जडपणाच त्या ठिकाणी उणा असेल. या सर्व कारणांचे फळ डोळ्यांस सारखेच दिसते. ती एकमेकांपासून वेगळी कशी काढण्यात आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे; आणि त्यासाठी झां रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदाने १६७२-७३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील कायेन येथे केलेले वेध मुख्यतः विचारात घेतले आहेत.

आरंभ गॅलिलीओपासून करणे प्राप्तच आहे. पीसाच्या प्रार्थनामंदिरात हेलकावणारा दिवा पाहून त्यास लंबकाचा नियम सुचला, ही कथा त्याचा शिष्य व्हिव्हिआनी याने १६५४ मध्ये लिहिलेल्या चरित्रातून आली असून ते चरित्र १७१७ पर्यंत छापलेही गेले नव्हते. कथेवर फार भार देऊ नये. विश्वसनीय पुरावा आहे तो १६०२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ग्वीदोबाल्दो देल मोंते यास लिहिलेल्या पत्राचा. मोठा झोका व लहान झोका यांस सारखाच वेळ लागतो, असे गॅलिलीओचे त्यात आग्रहाचे प्रतिपादन आहे, आणि ग्वीदोबाल्दोस ते पटलेले नव्हते. काटेकोर अर्थाने पाहिले तर शंका घेणाऱ्याचीच बाजू बरोबर होती. १६३८ च्या ग्रंथात गॅलिलीओने शिसे व बूच यांच्या गोळ्यांचे उदाहरण दिले आहे. बुचाच्या गोळीचा झोका हवेमुळे लवकर आखडतो, परंतु वेळ मात्र दोहोंचा एकच राहतो, असे तो म्हणतो. वस्तुमानाबद्दलचा हा निष्कर्ष टिकला. पुढे न्यूटनने सोने, रुपे, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी व गहू असे नऊ पदार्थ सारख्या लाकडी डब्यांत घालून सारख्याच ११ फूट लांबीच्या दोऱ्यांस टांगले. डबे सारखे असल्याने हवेचा अडथळाही सारखाच. त्यामुळे फरक पडता तर तो पदार्थाचाच असता. तो पडला नाही, आणि एक सहस्रांशाइतका फरकही आपल्या नजरेतून सुटला नसता, असा निर्वाळा न्यूटनने दिला.

विस्ताराचा प्रश्न इतक्या सहज सुटणारा नव्हता. रुंद झोक्यास अधिक वेळ लागतो हे मेर्सेनच्या लक्षात १६३६ च्या सुमारासच आले होते. बोलोन्याच्या रिच्चोलीने लंबकाचा एक झोका बरोबर एक सेकंदाचा व्हावा म्हणून आपल्या धर्मबंधूंकरवी अहोरात्र झोके मोजवून घेतले. ८६,४०० च्या आसपास यावयास हवी ती संख्या ८७ हजारांहून अधिक भरली, तेव्हा लांबी बदलून पुन्हा मोजणी सुरू! या चिकाटीचे हसू येण्याऐवजी कौतुकच वाटावयास हवे. विस्ताराची दुरुस्ती आज आपण सहज मांडतो. लंबक मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंस ५ अंश जात असेल, तर अत्यल्प झोक्यांच्या मानाने तो दिवसास सुमारे ४१ सेकंद मागे पडतो. १० अंशांस हाच आकडा २ मिनिटे ४४ सेकंदांवर जातो. हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि १६५९ मध्ये चक्रज वक्रावरून होणारे आंदोलनच खरोखर समकालिक असते हे भूमितीने दाखविले. लंबकाच्या टांगणीशी चक्रजाकृती गाल बसविण्याची त्याची युक्ती १६७३ च्या ग्रंथात आली आहे. व्यवहारात मात्र झोका लहान ठेवणे हाच सोपा उपाय ठरला.

एवढे झाल्यावर लंबकास एक नवे महत्त्व प्राप्त झाले. काल आकाशातून मिळतो. एका सेकंदात एक झोका घेणाऱ्या लंबकाची लांबी निसर्गानेच ठरवून दिलेली आहे. मग तीच सर्व राष्ट्रांचे सामाईक माप का होऊ नये? राजाच्या पावलावरून वा बाजारातील लोखंडी गजावरून ठरणारी मापे गावोगाव निराळी असत, आणि गज झिजला वा हरवला की माप नष्ट होई. सेकंद-लंबक असा हरवणारा नव्हता. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा पिकार याने पृथ्वीमापनावरील १६७१ च्या आपल्या ग्रंथात हीच सूचना केली, आणि पॅरिस येथील सेकंद-लंबकाची लांबी ३६ इंच ८ १/२ लीन्य, म्हणजे ४४० १/२ लीन्य अशी दिली. लीन्य हा त्या काळच्या फ्रेंच इंचाचा बारावा भाग, आपल्या मापाने सुमारे २.२५६ मिलिमीटर, यावरून ही लांबी ९९४ मिलिमीटरांच्या जवळपास येते. परंतु सूचनेच्या मुळाशी एक गृहीत होते. ही लांबी सर्वत्र सारखीच असली पाहिजे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल तर विषुववृत्तापाशी पदार्थ किंचित कमी जोराने खाली येतील व तेथील सेकंद-लंबक आखूड असेल, ही कल्पना पिकारच्या कानांवर आलेली होती. निरनिराळ्या शहरांतून आलेल्या लांब्यांत फरक असल्याची वार्ताही होती. पण ती मापे निःशंक मानण्यास तो तयार नव्हता. टायको ब्राएच्या वेधशाळेच्या अवशेषांचे स्थान निश्चित करण्यासाठी तो १६७१ मध्ये व्हेन बेटावर गेला तेव्हा त्याने तेथेही सेकंद-लंबक मोजला, आणि पॅरिसइतकीच लांबी त्यास मिळाली.

ही चूक होती खरी; पण तिचे प्रमाण पाहावे. व्हेन बेट पॅरिसच्या उत्तरेस सुमारे सात अंशांवर आहे. आजच्या सूत्राने तेथील लांबी पॅरिसहून सुमारे पाव लीन्यने, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोड्याच अधिकाने, जास्त यावयास हवी होती. तत्कालीन साधनांनी एवढा फरक हाती न लागणे स्वाभाविक आहे. पिकारचा निष्कर्ष त्याच्या मापाच्या मर्यादेत प्रामाणिक होता, आणि त्याच्यासारख्या काटेकोर वेधकर्त्याचा शब्द अकादमीत वजनदार मानला जाई. रिशेच्या वाट्यास पुढे जो अविश्वास आला, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

रिशे १६७२ च्या फेब्रुवारीत फ्रान्सहून निघाला व एप्रिलमध्ये कायेनला पोहोचला. हे स्थान विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम पाच अंशांवर आहे. मंगळाचे वेध, सूर्याचे क्रांतिमान, किरणांचे वक्रीभवन अशी पुष्कळ कामे त्याच्याकडे होती; सेकंद-लंबकाची लांबी हे त्यांपैकी एक. १६७३ च्या मे महिन्यात तो परतला, आणि त्याचा वृत्तान्त १६७९ मध्ये छापला गेला. लंबकाविषयीचा मजकूर त्यात एका लहानशा परिच्छेदात संपतो. तो परिच्छेद शोधपद्धतीच्या दृष्टीने इतका भरलेला आहे की त्यातील प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या संभाव्य आक्षेपाचे उत्तर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

रिशे सांगतो की ही मोजणी दहा महिने चालू होती आणि तीत एकही आठवडा असा गेला नाही की ज्यात ती अनेकदा काळजीपूर्वक केली गेली नाही. येथे आकस्मिक चुकीची शंका मावळते. मोजणीसाठी वापरलेला लंबक साधा होता. त्याचे झोके फार लहान असत, आणि ५२ मिनिटांपर्यंत ते स्पष्ट दिसत राहत. हे झोके लहान असल्याचे सांगणे निष्कारण नव्हे. दोन मिनिटांचा फरक निव्वळ विस्ताराने पडावयाचा तर लंबक प्रत्येक बाजूस साडेआठ अंशांवर जावा लागेल. एक मीटर लांबीच्या दोऱ्यावर हे अंतर सुमारे १५ सेंटिमीटर होते, आणि त्यास कोणीही अत्यंत लहान झोका म्हणणार नाही. ज्याच्याशी तुलना केली ते घड्याळ उत्तम होते व सेकंद दाखवीत होते. आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कायेन येथे सेकंद-लंबकास लागलेली लांबी रिशेने एका लोखंडी गजावर खुणेने नोंदविली, तो गज फ्रान्सला आणला व पॅरिसच्या लांबीशी ताडून पाहिला. कायेनची लांबी सव्वा लीन्यने कमी भरली. पॅरिसची लांबी तो ३ फूट ८ ३/५ लीन्य अशी देतो.

पाठ्यपुस्तकांत हीच गोष्ट निराळ्या रूपाने येते. रिशेचे घड्याळ कायेनला दिवसास अडीच मिनिटे मागे पडू लागले म्हणून त्याने लंबक आखूड केला, असे सांगण्यात येते. हा आकडा न्यूटनच्या ग्रंथातून आलेला दिसतो. तेथे २ मिनिटे २८ सेकंद दिले आहेत. परंतु हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. ४४० १/२ लीन्यांत सव्वा लीन्यचा फरक म्हणजे सुमारे ०.२८४ टक्के, कालात त्याचा निम्मा, दिवसाच्या ८६,४०० सेकंदांवर तो २ मिनिटे ३ सेकंद होतो. उलट २ मिनिटे २८ सेकंदांवरून लांबी काढली तर दीड लीन्यचा फरक यावयास पाहिजे. मधले २५ सेकंद कोठून आले? घड्याळ म्हणजे साधा लंबक नव्हे. त्याची लोखंडी दांडी उष्ण हवेत लांबते. पॅरिसहून १५ अंश सेल्सिअस अधिक तापमान धरले तर केवळ त्यानेच ते दिवसास आठ सेकंदांच्या आसपास मागे पडेल. वंगण, चक्रांचे घर्षण, झोक्याचा विस्तार यांचे परिणाम त्यात आणखी मिसळलेले असणार. म्हणून घड्याळाच्या गतीवर विसंबणारा पुरावा मिश्र राहतो. रिशेने सेकंद आकाशाकडून घेतला, घड्याळाकडे केवळ मध्यस्थाचे काम ठेवले, आणि कारणाचे माप लांबीत घेतले. माझ्या मते त्याच्या वेधांचे खरे बळ येथे आहे. घड्याळ मागे पडल्याची सुटसुटीत कथा नेमके तेच झाकून टाकते.

आणि ते माप किती अचूक होते, हे आज सांगता येते. अक्षांशानुसार गुरुत्वाचे जे प्रमाण सध्या मान्य आहे त्यावरून पॅरिस व कायेन येथील सेकंद-लंबकांत सुमारे १.३ लीन्यचा फरक यावा. रिशेचा आकडा १.२५. तीनशे वर्षांपूर्वी, पावसाळी किनाऱ्यावरच्या झोपडीवजा निवाऱ्यात घेतलेले माप एक दशांश मिलिमीटराच्या आसपास खरे उतरावे, यात थोडा दैवयोगही असेल. गजच उष्ण प्रदेशातून थंड प्रदेशात आल्याने आखडला असणार. पण त्याचा परिणाम एका लीन्यच्या बाराव्या हिश्शाहून मोठा नव्हे.

तथापि अकादमीत शंका राहिली, आणि ती दुराग्रहाची नव्हती. इंग्लंडच्या हॅलेलाही १६७७ च्या सुमारास सेंट हेलिना बेटावर आपला लंबक आखूड करावा लागला होता. हे रिशेच्या बाजूचे होते. परंतु १६८२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत गोरे बेटावर गेलेल्या फ्रेंच निरीक्षकांना दोन लीन्यचा फरक आढळला. गोरे बेट कायेनपेक्षा विषुववृत्तापासून दूर. तेव्हा फरक कमी यावयास हवा होता, तो अधिक आला. अशा परस्परविरोधी आकड्यांत कोणी उष्णतेच्या प्रसरणाकडे बोट दाखविले तर नवल नाही. उष्ण देशांत दांडी लांबते हे प्रत्यक्ष दिसणारे कारण सोडून, न दिसणारे गुरुत्वाचे न्यूनत्व का मानावे?

या आक्षेपास न्यूटनने दिलेले उत्तर आकड्यांचे आहे. पिकार व ला हीर यांनी लोखंडी गजांचे प्रसरण मोजले होते. सहा फुटी गज हिवाळ्यातून उन्हाळ्याच्या प्रत्यक्ष उन्हात ठेवला तेव्हा दोन तृतीयांश लीन्यने वाढला. घड्याळातील तीन फुटी दांडी उन्हात कधीच नसते. तेव्हा ऋतूंच्या फरकाने ती फार तर पाव लीन्यने लांबेल. सव्वा लीन्य त्यातून निघणे शक्य नाही. आजचा प्रसरणगुणांक घेऊन हिशेब केला तर लोखंडी दांडी एवढी लांबावी यासाठी कायेन पॅरिसहून सुमारे २४० अंश सेल्सिअसने अधिक तप्त असावयास हवे. तेथे वेध घेण्यास रिशे जिवंत राहिला नसता. उष्णतेचा परिणाम नाही, असे न्यूटन म्हणत नाही. तो आहे, पण पुरेसा नाही, एवढेच तो दाखवितो. कारण नाकारणे आणि त्याचे माप ठरविणे यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा.

हायगेन्सची गोष्ट वेगळी. पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे उत्पन्न होणारी केंद्रोत्सारी प्रेरणा विषुववृत्तावर गुरुत्वाच्या १/२८९ एवढी असते हे त्यास ठाऊक होते. आणि १६८६-८७ मध्ये केप ऑफ गुड होपच्या सफरीवर पाठविलेल्या त्याच्या घड्याळांनी त्यास प्रत्यक्ष पुरावा दिला. परतीच्या प्रवासाचा मार्ग घड्याळांवरून नकाशावर काढला तर जहाज आयर्लंडच्या भूमीवरून गेल्याचे दिसे! परिभ्रमणाची दुरुस्ती केल्यावर तो मार्ग पुन्हा समुद्रात आला. परंतु पदार्थाचा प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणास ओढतो हे न्यूटनचे तत्त्व हायगेन्सने मानले नाही, म्हणून त्याच्या १६९० च्या विवेचनात गुरुत्वाचा फरक केवळ परिभ्रमणापुरताच राहिला. त्याच्या मताने पॅरिस-कायेन फरक सुमारे ०.८५ लीन्य यावयाचा. न्यूटनच्या मताने, पृथ्वीचा चपटेपणा १/२३० धरून, सुमारे १.१. रिशेचा सव्वा लीन्य दोहोंच्याही पुढे होता. उरलेल्या फरकासाठी न्यूटनलाही पृथ्वीच्या अंतर्भागाची घनता व उष्ण कटिबंधातील ताप यांचा आधार शोधावा लागला. वेध सिद्धान्तापेक्षा अधिक खरा होता, असे हे एक उदाहरण.

पुढच्या शतकात स्थान या शब्दाचा अर्थ आणखी फुटला. बूगेर १७३५ पासून पेरूच्या मोहिमेवर होता. त्याने समुद्रसपाटीवर, कीटो येथे व पिचिंचा पर्वतावर सेकंद-लंबक मोजला. लांब्या अनुक्रमे ४३९.२१, ४३८.८८ व ४३८.६९ लीन्यच्या जवळपास आल्या. उंचीबरोबर गुरुत्व घटते हे उघड झाले, पण कीटो येथे ते १/१३३१ नेच घटले होते, निव्वळ अंतराच्या व्यस्त वर्गाने १/१११८ घटावयास हवे होते. पायाखालच्या पर्वतराजीचे आकर्षण मधली तूट भरून काढीत होते. अशा रीतीने अक्षांश, उंची आणि खालच्या खडकांची घनता या तिन्ही गोष्टी लंबकाच्या एकाच आकड्यात येऊन बसल्या. १७९१ मध्ये फ्रेंच अकादमीने नव्या मापपद्धतीसाठी सेकंद-लंबक बाजूस सारून याम्योत्तर वृत्ताच्या चतुर्थांशाचा कोट्यंश स्वीकारला, त्यामागे अन्य कारणेही होती. पण लंबकाचे माप जागेवर अवलंबून असते हे त्यांपैकी एक होते. हवेचा परिणामही वाटला होता त्याहून गुंतागुंतीचा निघाला. धातूच्या गोळ्याचे वजन हवेत किंचित कमी भरते एवढीच दुरुस्ती पूर्वी करीत. हालणारा गोळा आपल्याबरोबर काही हवाही ओढून नेतो हे बेसेलने १८२८ मध्ये दाखविल्यावर जुनी मापे पुन्हा तपासावी लागली.

भारतात या प्रश्नाने प्रवेश केला तो प्रथम मद्रास येथे. गोल्डिंगहॅमने १८२१ मध्ये तेथील वेधशाळेत केटरच्या पद्धतीच्या लंबकाने वेध घेतले. पण खरा प्रश्न उभा राहिला हिमालयामुळे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना व कलियानपूर या स्थानांतील अक्षांशांचे अंतर मोजणीने व ताऱ्यांनी निराळे येई, फरक ५.२३६ विकलांचा होता. प्रॅटने १८५५ मध्ये हिमालयाच्या आकर्षणाचा हिशेब मांडला तेव्हा तो फरक १५.८८५ विकला, म्हणजे तिप्पट, यावयास हवा असे निघाले. एवढा प्रचंड पर्वत ओळंब्यास अपेक्षेइतका ओढीत नव्हता. त्याच वर्षी एअरीने पर्वताच्या मुळाशी हलके द्रव्य असावे असे सुचविले. ओळंबा बाजूची ओढ दाखवितो. सरळ खालची ओढ दाखविण्यास लंबकच हवा.

ते काम कॅप्टन बासेव्ही याने १८६५ मध्ये हाती घेतले. निर्वात केलेल्या पात्रात हलणारे पितळी लंबक घेऊन तो कन्याकुमारीच्या परिसरापासून डेहराडूनपर्यंत आणि मिनिकॉय बेटापर्यंत फिरला. त्याच्या लंबकांची लांबी बदलावयाची नव्हती. तीच लांबी, तेच तापमानमापक, हवा काढून टाकलेली, झोका मोजून लहान ठेवलेला. रिशेच्या परिच्छेदातील एकेक खबरदारी आता यंत्राचा भाग झाली होती, आणि बदलणारी गोष्ट एकच उरली होती. मिनिकॉयला गुरुत्व अपेक्षेहून अधिक आले. लडाखमधील मोरे पठारावर, सुमारे १५,४०० फुटांवर, निव्वळ उंचीमुळेच लंबक दिवसास १ मिनिट ४ सेकंदांच्या आसपास मागे पडावयाचा; त्यावर पायाखालच्या पठाराच्या आकर्षणाचा हिशेब केला असता गुरुत्वात मोठी तूट राहिली. पर्वताखालील द्रव्य हलके असल्याची ही सरळ साक्ष होती. मोरेहून तो आणखी एका उंच स्थानकाच्या शोधात चांगचेन्मोच्या दिशेने गेला आणि १८७१ च्या जुलैमध्ये तेथेच थंडी व विरळ हवेने मृत्यू पावला. त्याचे लंबक पुढे कॅप्टन हेव्हिसाइडने हाती घेतले, राहिलेली स्थानके पुरी केली, आणि ते इंग्लंडला नेऊन क्यू येथील वेधशाळेत, जेथे त्यांचे मूळ वेध घेतले गेले होते तेथेच, पुन्हा झुलवून पाहिले.